म्हणे, दहा चाली पुढचं दिसतं!

शहापूरच्या कट्ट्यापासून निपाणी-खानापूरच्या शाळांपर्यंत एक समज पक्का बसलाय: बुद्धिबळातल्या चांगल्या खेळाडूला दहा-दहा चाली पुढचं दिसतं. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी १९४६ च्या प्रबंधातच दाखवलं, की ग्रँडमास्टर चांगल्या हौशी खेळाडूपेक्षा फारसं खोल मोजत नाहीत. त्यांना पट लवकर उमगतो.

तो बराचसा प्याद्यांवरून. घोडे-उंट फिरतात, प्यादं मागे येत नाही, म्हणून प्याद्यांची रचना टिकते. बाकीचे मोहरे मनातून उचला, नुसती प्यादी ठेवा. (पोरांना खरंच उचलायला लावा, लाज कसली!)

समजा पांढऱ्याचं डी४ वर (डी या उभ्या पट्टीतल्या चौथ्या घरात) एकटं प्यादं; शेजारच्या सी आणि ई पट्टीत त्याचं दुसरं नाही. काळ्याचं ई६ वर, सी-डी पट्ट्यांत त्याचं प्यादं नाही. पांढऱ्याने घोडा ई५ वर रोवायचा, हत्ती ई पट्टीत आणायचा, मोहरे राखून राजावर चढाई करायची. काळ्याने डी५ वर घोडा बसवून वाट अडवायची, मारामारी करत, म्हणजे मोहऱ्याला मोहरा देत, पट रिकामा करायचा. शेवटाकडे ते डी४ चं प्यादं, राखायला शेजारी दुसरं नसल्याने, पांढऱ्याच्या गळ्यात पडतं.

मोजणी लागतेच म्हणा, शह आणि मारामारीच्या वेळी. तिथे चुकलं तर बेत कितीही झकास असो, वजीर गेलाच.