१९५८ ची पोलाद मोहीम : गावोगावच्या भट्ट्या का फसल्या

पहिल्या पंचवार्षिक योजनेत (१९५३–५७) चीनने सोव्हिएत वाट धरली होती. आन्शान, वुहान, बाओतो इथे मोठे पोलाद कारखाने आणि सोव्हिएत मदतीचे १५६ प्रकल्प, असा तो आराखडा होता. १९५७ चे पोलाद उत्पादन ५३.५ लाख टन होते. त्याच नोव्हेंबरात माओंनी मॉस्कोत जाहीर केले की, पंधरा वर्षांत चीन पोलादात ब्रिटनला मागे टाकेल. १९५८ चे उद्दिष्ट आधी ६२ लाख टन होते. ऑगस्टमध्ये बेइदाइहे इथे झालेल्या कम्युनिस्ट पक्षनेत्यांच्या बैठकीने ते १ कोटी ७ लाखांवर नेले. तोवर आठ महिने संपले होते आणि हाती होते जेमतेम ४५ लाख टन.

चार महिन्यांत मोठा कारखाना उभा राहत नाही. म्हणून हा बोजा गावांवर आणि नव्या कम्यूनांवर, म्हणजे अनेक गावे मिळून केलेल्या सामूहिक शेतीच्या संस्थांवर, टाकला गेला. शरद ऋतूत सुमारे ९ कोटी माणसे खाणकाम, लाकूडतोड आणि भट्ट्यांवर लागली.

माती-विटांच्या या भट्ट्या पुरुष-दोन पुरुष उंचीच्या असत. भट्टी जितकी लहान, तितका आतल्या मालाच्या मानाने भिंतीचा पृष्ठभाग जास्त. उष्णता बाहेर निसटते. मोठ्या झोतभट्टीत (ब्लास्ट फर्नेस, खनिजातून लोखंड वितळवून काढणारी भट्टी) हवा आधी तापवून सोडतात, इथे हाताने ओढलेल्या भात्याची थंड हवा. साध्या विटा उष्णतेने वितळून खचत.

इंधन हे त्याहून मोठे दुखणे. कोक, म्हणजे हवेविना भाजलेला दगडी कोळसा, कडक असतो, वरच्या खनिजाचा भार पेलतो आणि हवेला वाट ठेवतो. कच्चा दगडी कोळसा मऊ पडून ती वाट बुजवतो, शिवाय त्यातले गंधक लोखंडात उतरते. लोणारी कोळशात गंधक नगण्य, पण त्यासाठी डोंगर उघडे पडले. पुरेशी चुनखडी आणि पुरेसे तापमान असेल तर गंधक मळीबरोबर (लोखंडावर तरंगणाऱ्या वितळलेल्या अशुद्ध थराबरोबर) निघून जाते. इथे दोन्ही अपुरे. लोह आणि गंधकाचे संयुग पोलादाच्या कणांच्या सीमांवर साचते आणि सुमारे ९९० अंश सेल्सियसला वितळू लागते. म्हणून असा तुकडा लालभडक तापवून घणाखाली घेतला की चिरतो.

मुळात झोतभट्टीतून निघते ते पोलाद नव्हेच. ते सुमारे ४ टक्के कार्बनचे ठिसूळ कच्चे लोखंड. त्यातला कार्बन जाळल्यावर पोलाद होते. बहुतेक गावांत ही पुढची पायरीच नव्हती. खनिज कमी पडले तिथे कढया, कड्या-कोयंडे, अवजारे भट्टीत गेली. चांगले लोखंड देऊन लोकांनी निकामी ढेकळे घेतली, हा या मोहिमेतला सर्वांत क्लेशकारक भाग.

वुहानची १,३८६ घनमीटरची झोतभट्टी १९५८ च्या सप्टेंबरातच सुरू झाली. रीतसर पोलाद कसे होते हे देशाला ठाऊक होते. वरून मागितले जात होते ते फक्त टनांचे आकडे. वर्षअखेर १ कोटी ११ लाख टनांची घोषणा झाली. त्यातले वापरण्याजोगे सुमारे ८० लाख टनच, हे पुढच्या वर्षी सरकारलाच मान्य करावे लागले.

पण भट्ट्या पेटल्या त्या ऐन सुगीत. कापणीला माणसे कमी पडली, बरेच पीक शेतातच कुजले. धान्याचे आकडेही फुगवलेले होते आणि सरकारी वसुली त्या आकड्यांवरच ठरली. १९५९ च्या जुलैत लुशान इथल्या पक्षाच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग दहुआय यांनी माओंना पत्र लिहून हे नुकसान मांडले. त्यांना पदावरून काढले गेले, ‘उजव्या’ विचारांविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि खालचे अधिकारी खरे आकडे कळवायला आणखी धजेनासे झाले. दुष्काळ सुरू झालेल्या त्या वर्षी चीनने सुमारे ४२ लाख टन धान्य निर्यात केले.