कार्डावरचा क्रीम, भिंतीवरचा क्रीम

गेल्या दिवाळीआधी परभणीला ताईच्या घराला रंग काढला. हॉलसाठी तिने दुकानातल्या शेड कार्डावरून फिक्कट क्रीम निवडला होता, अगदी सायीसारखा. दोन हात मारून झाले, संध्याकाळी दिवे लागले आणि ताई दारातच थबकली. "अरे, हा मी निवडलेला रंगच नाही. वरणासारखी पिवळी दिसतेय भिंत." पेंटरने डबा दाखवला, नंबर तोच होता. मी कार्ड भिंतीला टेकवून धरलं तर शेडचा काठ कुठे संपतो तेच कळेना, इतका तंतोतंत मेळ. दुकानदार चुकला नव्हता, पेंटरही चुकला नव्हता. तरी ताईचं म्हणणं खरं होतं.

आधी डब्यात काय असतं ते पाहू. आजच्या रंगात पांढरेपणाचा भार टायटॅनियम डायऑक्साइड नावाची भुकटी उचलते. दुकानातलं मशीन त्यात पिवळ्या ऑक्साइडचे थोडे थेंब सोडतं आणि पुष्कळदा जोडीला किंचित तांबडा किंवा काळा. पिवळा ऑक्साइड म्हणजे लोखंडाचं संयुग, आपली पिवडीच म्हणा ना. अजिंठ्याच्या चित्रांतला पिवळाही याच जातीच्या मातीचा आहे. हा रंग उन्हाने सहसा विटत नाही. गावाकडे चुन्यात पिवडी कालवून भिंती पोतारायचे, तोही क्रीमच की.

खरी मेख त्या जोडीच्या थेंबात असते. पिवळ्यात काळा गेला की रंग हिरवटाकडे झुकतो, तांबडा गेला की ऊब येते. नुसतं कार्ड पाहून हे कळत नाही, शेजारी कोरा पांढरा कागद धरला की झुकाव लगेच दिसतो. उबदार क्रीम हवा असेल तर मी तांबड्याकडे झुकलेलाच घेईन. खिडकीसमोर कडुलिंब असेल तर नक्कीच, कारण पानांवरून आत येणारा उजेड आधीच हिरवट झालेला असतो.

आता ताईच्या भिंतीकडे येऊ. कार्ड हातात असतं तेव्हा दिव्याचा उजेड त्यावर एकदा आपटून डोळ्यांत येतो. खोलीत तसं होत नाही. एका भिंतीवरून निघालेला उजेड समोरच्या भिंतीवर जातो, तिथून तिसऱ्या, आणि प्रत्येक वेळी रंग थोडा निळा गिळतो. समजा, हा क्रीम तांबडा-पिवळा उजेड १०० पैकी ८५ परत पाठवतो आणि निळा ६०. पहिल्या आपटीत निळा हा पिवळ्याच्या सुमारे ७० टक्के उरला. तीन आपट्यांनंतर पिवळा उरतो ६१ आणि निळा फक्त २२, म्हणजे जेमतेम ३५ टक्के. म्हणून चारही भिंतींना लावलेला क्रीम कार्डापेक्षा गडद आणि पिवळा दिसतो. खोली लहान असेल तर जास्तच. कार्डावर जो आवडला त्याहून एक पायरी फिका घ्या, असं जुने पेंटर सांगतात त्याचं कारण हे.

दुसरी गोष्ट फरशीची. पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात धागे रंगवण्याच्या विभागाचे प्रमुख असलेल्या मिशेल शेव्हरल या रसायनतज्ज्ञाकडे तक्रार आली होती की काळा रंग फिका पडतो. त्यांनी तपासलं तर काळ्यात खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्यांनी हा नियम पुस्तकात मांडला: शेजारचे रंग एकमेकांना आपल्यापासून लांब ढकलतात.

घरी करून बघा. शाळूचं पीठ चिमूटभर लाकडी काठवटीत टाका, पांढरं दिसेल. तेच पीठ वहीच्या कोऱ्या कागदावर टाका, पिवळट-करडं दिसेल. पीठ तेच. लाकूड स्वतः पिवळं-तांबडं, म्हणून त्याच्यापुढे पीठ पांढरं ठरतं. कागदात मात्र अदृश्य अतिनील किरण शोषून निळसर उजेड सोडणारी रसायनं घातलेली असतात.

ताईच्या हॉलमध्ये शहाबादी फरशी आहे, करडी-निळसर. त्या फरशीने भिंतीला आणखी पिवळेपणाकडे ढकललं. वरून छताला दिलेला पांढरा निळीच्या धोतरासारखा, तोही पिवळेपणा वाढवणारा. हॉलमध्ये सागवानी चौकटी आणि जुना लाकडी झोपाळा असता तर हाच क्रीम शांत दिसला असता. म्हणून क्रीमची जोडी जुळवताना पडदे नंतर बघा. फरशी, चौकटी आणि छत आधी. या गोष्टी आपण सहसा बदलत नाही, रंगानेच त्यांच्याशी जुळवून घ्यायचं असतं.

दिव्याचंही तसंच. खोक्यावर ३००० के (केल्विन, उजेडाच्या छटेचं माप) लिहिलेला एलईडी पिवळसर उजेड देतो, ६५०० के वाला निळसर. दुकानात बहुधा दुसरा असतो, ताईकडे पहिला होता.

नमुना लावायचा तर दोन फूट बाय दोन फूट पुठ्ठ्यावर दोन हात मारा. पुठ्ठा फरशीला टेकवून ठेवा आणि सकाळी, भर दुपारी, दिवे लागल्यावर असा तीनदा बघा. ओला असताना ठरवू नका. इमल्शन, म्हणजे डब्यातला पाण्यात कालवायचा रंग, ओलं असताना दुधाळ दिसतं, वाळलं की गडद होतं. चुन्याचं उलटं: ओला चुना जवळजवळ पारदर्शक, कारण कणांमधल्या फटीत पाणी असतं आणि उजेड फारसा विखुरत नाही. पाणी उडून तिथे हवा शिरली की भिंत पांढरीशुभ्र होते. चुना लावलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं आहे.

ताईच्या भिंती पुन्हा रंगवाव्या लागल्या नाहीत. पांढऱ्यात त्याच शेडचे थेंब पाव हिश्श्याने घालून छताला एक हात दिला आणि हॉलमध्ये ४००० केचे दिवे लावले. संध्याकाळी ती कार्ड घेऊन भिंतीपाशी उभी राहिली, मग ते मिटून कपाटात ठेवलं.