शनिवार, रात्री अकरा: इंदूरहून चालणाऱ्या डब टेक्नो रेडिओची पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीतून दर शनिवारी रात्री अकरा ते एक मी इंटरनेट रेडिओवर डब टेक्नो हे संथ इलेक्ट्रॉनिक संगीत लावतो. २००७ पासून हे चालू आहे. नवीन श्रोता जोडला गेला की दोन प्रश्न हमखास येतात. हे संगीत आलं कुठून? आणि फाईल चढवून ठेवली तर कुणीही केव्हाही ऐकेल, मग ठरल्या वेळी जागून रेडिओ कशासाठी?

संगीताची सुरुवात जमैकात, किंगस्टनला होते. ऑस्बोर्न रडक ऊर्फ किंग टबी हे मूळचे इलेक्ट्रॉनिक उपकरणं दुरुस्त करणारे. १९७०च्या दशकात त्यांनी रेगे या तिथल्या संगीतातल्या तयार गाण्यांतून गायकाचा आवाज काढून घेतला, बेस आणि ड्रम पुढे आणले आणि मिक्सिंगच्या टेबलावर बसून एखादाच ठोका इकोत सोडून दिला. तो ठोका घुमत घुमत विरतो, तेवढ्यात खालून बेस पुन्हा येतो. त्यालाच डब म्हणू लागले.

बर्लिनमध्ये मार्क अर्नेस्टस यांनी १९८९ साली हार्ड वॅक्स हे रेकॉर्डचं दुकान काढलं. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा टेक्नो, म्हणजे यंत्रांवर रचलेलं नाचाचं संगीत, आणि जमैकाचा रेगे एकाच दुकानात मिळायचे. त्यांनी आणि मॉरित्झ फॉन ओसवाल्ड यांनी १९९३ मध्ये बेसिक चॅनल हे रेकॉर्ड काढणारं लेबल सुरू केलं आणि डब टेक्नोचा साचा तिथे पडला. चार मात्रांचा सरळ ठोका, त्यावर एकच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही स्वर, आणि तो डिलेमधून, म्हणजे आवाज थोड्या उशिराने पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रातून, फिरत दहा-पंधरा मिनिटं हळूहळू उघडत जातो. फार काही घडत नाही असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं. मला ते कधी वाटलं नाही, आणि याचं श्रेय मी आमच्या गावाला देतो. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ इंदूरचे. झुमरा तालातली त्यांची अतिविलंबित बढत ज्याच्या कानावर लहानपणापासून पडली आहे, त्याला एकाच कॉर्डपाशी दहा मिनिटं थांबणं जड जात नाही. दोन्हींचं नातं लावायचा माझा हेतू नाही. ऐकणाऱ्याचा धीर मात्र एकाच जातीचा.

या संगीतातली खरखरही महत्त्वाची. पोल या नावाने काम करणारे श्टेफान बेटके यांच्या हातून १९९६ मध्ये फिल्टरचं यंत्र पडून बिघडलं आणि त्यातून तडतड येऊ लागली. त्यांनी ते दुरुस्त करण्याऐवजी त्या तडतडीवरच संगीत रचलं. १९९८ मध्ये त्या संगीताचा पहिला अल्बम आला. आम्हाला नडली ती हीच खरखर. एमपी३ आवाजाची फाईल लहान करताना कानाला जाणवणार नाही असा भाग टाकून देतं, आणि अनियमित खरखरीत नेमकं काय टाकावं हे त्याला नीट जमत नाही. ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिटांवर, ती खरखर पाण्यात बुडबुडल्यासारखी होते. म्हणून १२८च्या खाली जायचं नाही, हे पहिल्या महिन्यातच ठरलं.

पण १२८ पाठवायचं कसं? २००४च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस, आणि तो वेग डाउनलोडचा. शंभर श्रोते एकदम आले तर १२.८ एमबीपीएस, म्हणजे १२,८०० केबीपीएस लागतात. घरच्या लाइनवर ते अशक्य होतं. शाउटकास्ट आणि आइसकास्ट ही इंटरनेटवरून थेट प्रसारणाची सॉफ्टवेअर १९९०च्या दशकाच्या शेवटी आली होती, त्यांनी वाट काढून दिली. घरून आवाजाची एकच धारा (स्ट्रीम) परदेशातल्या भाड्याच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून प्रत्येकाला तिची प्रत मिळते. दोन तासांचे प्रत्येक श्रोत्यामागे सुमारे ११५ एमबी होतात. सर्व्हरचं बिल त्यावरच ठरायचं.

पहिल्याच उन्हाळ्यात ऐन कार्यक्रमात वीज गेली. संगणक यूपीएसवर होता, रेकॉर्ड प्लेअरही होता, मॉडेम मात्र भिंतीतल्या साध्या प्लगवर. खोलीत सुई फिरत होती, बेस वाजत होता आणि बाहेर कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मी चाळीस मिनिटं तसाच लावत राहिलो. दुसऱ्या दिवशी पहिलं काम केलं ते मॉडेम यूपीएसला जोडायचं, आणि घरची धारा तुटली की सर्व्हरने आपोआप राखीव रेकॉर्डिंग लावावं अशी सोय केली.

एफएमवर हे का नाही, असंही विचारतात. रेडिओ मिर्चीचं देशातलं पहिलं केंद्र ऑक्टोबर २००१ मध्ये इंदूरलाच सुरू झालं, तेव्हा गावभर उत्साह होता. पण त्या टप्प्यातले परवाने लिलावातले, आणि वार्षिक फी दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारी. एवढा खर्च भरून काढायचा तर जास्तीत जास्त लोकांना आवडेल तेच लावावं लागतं, म्हणजे सिनेमाची गाणी. इंटरनेटवरही हक्कांचा प्रश्न सुटलेला नव्हता. अमेरिकेत २००२ मध्ये एका श्रोत्यामागे एका गाण्याला ०.०७ सेंट असा दर ठरला. ऐकायला क्षुल्लक, पण छोट्या केंद्रांच्या आवाक्याबाहेरचा. कित्येकांनी प्रसारण थांबवलं, आणि वर्षअखेरीस छोट्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने प्रसारकांना वैधानिक परवान्याची, म्हणजे मालकाच्या परवानगीविना ठरलेली फी भरून गाणी लावायची, सोय मिळाली, पण ती इंटरनेटला लागू नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. आम्ही आधीपासूनच प्रत्येक लेबलला ईमेल करून परवानगी घेतो. ही लेबलं एक-दोन माणसांची असतात, उत्तरं मनापासून येतात, आणि ती सगळी मी जपून ठेवली आहेत.

आता वेळेबद्दल. आमच्या काकांच्या तोंडी बुधवार म्हटलं की अजून रेडिओ सिलोन येतं. १९५२ मध्ये सुरू झालेली बिनाका गीतमाला, अमीन सयानींचा आवाज आणि त्या तासाला जमलेली गल्ली. आमचा श्रोता तसा एकत्र बसत नाही. एक पुण्यात, एक बडोद्याला, काही बर्लिनकडे. पण अकरा वाजता आपल्यासारखेच आणखी कुणी ऐकतायत हे त्याला ठाऊक असतं. मध्यंतरी मी रेकॉर्डिंग लगेच चढवू लागलो, तर थेट ऐकणारे निम्म्यावर आले आणि निरोपही आटले. आता ते बुधवारी चढवतो.

आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, युरोपातलं हलतं. हिवाळ्यात आमचे अकरा म्हणजे बर्लिनचे संध्याकाळचे साडेसहा, उन्हाळ्यात साडेसात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हा फरक पडतो आणि पुढच्या शनिवारी कुणीतरी तासभर चुकतं. म्हणून त्या दोन आठवड्यांत निवेदनाची सुरुवात मी तिथल्या वेळेने करतो, मग नेहमीचं मराठी निवेदन, आणि मग पहिली रेकॉर्ड.