अष्ठीला ग्रंथीच्या वाढीवरील शस्त्रक्रिया

पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अष्ठीला ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, उतारवयात वाढून मूत्रमार्ग दाबू लागते. तो मार्ग मोकळा करण्यासाठी जी शस्त्रक्रिया करतात तिला घरोघरी ‘प्रोस्टेट काढलं’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात काढला जातो तो ग्रंथीच्या आत वाढलेला गाभा. ग्रंथीची बाहेरची साल शरीरातच राहते. रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना पुढे पडणाऱ्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर या एका गोष्टीत असल्यामुळे ती आधी नीट समजून घ्यावी.

तरुणपणी ही ग्रंथी अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅम वजनाची असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. चाळिशीनंतर या मार्गाच्या लगतचा भाग हळूहळू गाठीगाठींनी वाढू लागतो. ही वाढ कर्करोगाची नसते. वाढता गाभा बाहेरच्या मूळ ग्रंथीला चेपत जातो आणि तिची जाडसर साल बनते. शल्यचिकित्सक यासाठी संत्र्याचा दाखला देतात: फोडी वाढल्या, साल ताणली गेली. फोडी आणि साल यांच्यामध्ये एक पदर असतो आणि तो सापडला की गाभा सालीपासून सुटतो. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांमध्ये आणि पंच्याऐंशीच्या आसपास जवळजवळ नव्वद टक्के पुरुषांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ दिसते. त्रास मात्र सगळ्यांना होत नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टातला ग्रॅमचा आकडा वाचून लोक घाबरतात. पण ३५ ग्रॅमची ग्रंथी लघवी अडवू शकते आणि १०० ग्रॅमची बाळगणारा माणूस निवांत झोपू शकतो. वाढ कोणत्या दिशेला झाली, हे वजनापेक्षा महत्त्वाचे.

‘अष्ठीला’ हे नाव जुने आहे. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या, म्हणजे लघवी अडण्याच्या विकाराच्या, बारा प्रकारांत वाताष्ठीला येते. अष्ठीला म्हणजे गोलसर दगड. ओटीपोटात दगडासारखी कठीण गाठ आणि तुंबलेले मूत्र, असे ते वर्णन आहे.

शस्त्रक्रिया केव्हा

लघवीला वेळ लागणे, धार बारीक होणे, शेवटी थेंब थेंब गळणे, रात्री तीन-चारदा उठावे लागणे ही लक्षणे ओळखीची. त्यांचे मोजमाप सात प्रश्नांच्या गुणांकाने करतात. एकूण ३५ पैकी ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० पासून पुढे तीव्र. मध्यम त्रासाला आधी गोळ्या देतात. टॅम्सुलोसिनसारखी औषधे मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात आणि त्यांचा गुण काही दिवसांत येतो. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ग्रंथी आक्रसवतात, पण त्यासाठी सहा महिने धीर धरावा लागतो.

गोळ्यांनी भागले नाही, लघवी पुन्हा पुन्हा अडकली, मूत्राशयात खडे झाले, वारंवार जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव होऊ लागला, किंवा मूत्रपिंडांवर ताण आला, तर शस्त्रक्रिया टाळण्यात अर्थ नसतो. शेवटचे कारण सर्वांत घातक, कारण ते दुखत नाही. कित्येक वर्षे मूत्राशय पूर्ण रिकामा होत नाही, पोट हळूहळू फुगते, रात्री कपडे ओले होतात आणि घरातले ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचे द्रव्य, वाढलेले निघते तेव्हा उशीर झालेला असतो. सतत जोर लावून थकलेला मूत्राशय मार्ग मोकळा झाल्यावरही पूर्वीसारखा आकुंचन पावेलच असे नाही. रात्री उठावे लागू नये म्हणून पाणी तोडणारे वडीलधारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना लाज न वाटता बोलता येईल असे वातावरण घरात असणे हा उपचाराचाच भाग आहे. सर्दीच्या साध्या गोळीनेही अशा माणसाची लघवी अचानक अडकू शकते.

पोटाच्या छेदापासून दुर्बिणीपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यावर उपाय म्हणून वृषणे काढण्याचे प्रयोगही झाले. ओटीपोट उघडून, मूत्राशयातून बोट घालून गाभा सोडवण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या यूजीन फुलर यांनी १८९० च्या दशकात वापरली. ती जगभर पोहोचवली मात्र पीटर फ्रेयर यांनी. हे आयरिश शल्यचिकित्सक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. उत्तर हिंदुस्थानात त्यांनी मूत्राशयातले शेकडो खडे फोडून काढले, आणि रामपूरच्या नवाबाने त्यांना दिलेल्या एक लाख रुपयांच्या मानधनावरून सरकारदरबारी मोठा वाद झाला. निवृत्तीनंतर लंडनच्या सेंट पीटर्स रुग्णालयात त्यांनी ही शस्त्रक्रिया सुरू केली आणि १९१२ मध्ये आपल्या एक हजार रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आपण संपूर्ण ग्रंथी काढतो असे फ्रेयर मानत आणि तसेच लिहीत. साल मागे राहते हे इतरांनी दाखवून दिले. घरोघरी होणारा गैरसमज त्या शस्त्रक्रियेच्या प्रवर्तकालाही झाला होता.

१९४५ मध्ये टेरेन्स मिलिन यांनी मूत्राशय न उघडता थेट ग्रंथीच्या सालीला छेद देण्याची पद्धत मांडली. त्याआधीच, १९२६ मध्ये, मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी मूत्रमार्गातून आत जाणारे, विजेच्या तारेने ऊती कापणारे उपकरण तयार केले होते. थिओडोर डेव्हिस आणि जोसेफ मॅकार्थी यांनी त्यात सुधारणा केल्या आणि आजची ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’, म्हणजे टीयूआरपी, उभी राहिली.

टीयूआरपी

बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात. शरीरावर कुठेही छेद नसतो. मूत्रमार्गातून नळीसारखे उपकरण आत जाते. त्याच्या टोकाशी दुर्बीण आणि अर्धवर्तुळाकार तार असते. तारेतून वीज सोडून गाभ्याच्या पातळ चकत्या कापत आणि रक्तवाहिन्या डागत सर्जन सालीपर्यंत पोहोचतो. खालच्या बाजूला मूत्रमार्गातील एक छोटा उंचवटा ही त्याची लक्ष्मणरेषा. त्याच्या पलीकडे लघवी रोखून धरणारा स्नायू असतो. त्याला इजा झाली तर लघवी गळत राहते. कुशल हातांत हे फार क्वचित घडते.

दिसत राहावे म्हणून आत सतत द्रव सोडावा लागतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रात मीठपाणी चालत नाही, कारण ते वीज वाहून नेते. म्हणून वीज न वाहणारे ग्लायसिनचे द्रावण वापरतात. कापलेल्या शिरांवाटे ते जास्त प्रमाणात रक्तात शिरले तर रक्तातले सोडियम उतरते, रुग्णाला मळमळते, तो असंबद्ध बोलू लागतो, कधी दृष्टी अंधुक होते. त्यामुळे सुमारे तासाभरात काम उरकण्याची शिस्त पडली. दोन्ही विद्युत-अग्रे उपकरणातच असलेल्या बायपोलर यंत्रात मीठपाणी चालते आणि हा धोका जवळजवळ नाहीसा झाला आहे.

गाभा फार मोठा, ८० ते १०० ग्रॅमच्या पुढे असेल तर चकत्या काढत बसणे लांबते. अशा वेळी पूर्वी पोट उघडावे लागे. न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी १९९० च्या दशकात होल्मियम लेसरने गाभा सालीपासून अख्खा सोडवून मूत्राशयात ढकलण्याची आणि तिथे बारीक करून शोषून घेण्याची पद्धत विकसित केली. फ्रेयर बोटाने ज्या पदरातून जात, त्याच पदरातून लेसर जातो. रक्तस्राव कमी होतो, ग्रंथीच्या आकाराची मर्यादा राहत नाही. मात्र हात बसायला सर्जनला बराच काळ लागतो. म्हणून ‘लेसर आहे का’ यापेक्षा ‘तुम्ही या किती केल्यात’ हा प्रश्न विचारावा. पाण्याची वाफ, पाण्याचा झोत, बारीक टाचण्या लावून मार्ग रुंदावणे किंवा ग्रंथीच्या धमन्या बुजवणे असे नवे उपायही आहेत. निवडक रुग्णांना ते उपयोगी पडतात.

नंतरचे दिवस

शस्त्रक्रियेनंतर तीन वाटांची नळी घालतात. एका वाटेने द्रव आत जातो, दुसरीने बाहेर येतो, तिसरी नळी जागेवर धरून ठेवणारा फुगा फुगवायला. पिशवीतला लाल रंग पाहून नातेवाईक हबकतात. तो दोन-तीन दिवसांत फिका होतो आणि नळी निघते. आत उरलेली साल म्हणजे उघडी जखम असते. ती भरायला सहा आठवडे लागतात. या काळात जड उचलू नये, शौचाला कुंथू नये, दुचाकी चालवू नये आणि पाणी भरपूर प्यावे. दहा-पंधरा दिवसांनी खपली सुटून लघवी पुन्हा लाल होऊ शकते. गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडकली तरच धाव घ्यावी. घाई लागणे, जळजळ हेही काही आठवडे राहते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती केव्हा थांबवायची आणि केव्हा सुरू करायची, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सर्वांत कमी बोलला जाणारा परिणाम वीर्याचा. मूत्राशयाचे तोंड आता मिटत नसल्यामुळे स्खलनाच्या वेळी वीर्य मागे मूत्राशयात जाते आणि नंतर लघवीवाटे निघते. टीयूआरपीनंतर बहुसंख्य पुरुषांत हे होते. ताठरतेवर आणि समागमाच्या सुखावर सहसा परिणाम होत नाही, पण आधी न सांगितल्यास माणूस धास्तावतो. पत्नीलाही हे आधी माहीत असावे.

काढलेल्या चकत्या तपासणीला पाठवतात, कारण त्यांत क्वचित कर्करोग सापडतो. पण प्रोस्टेटचा कर्करोग सुमारे ७० टक्के वेळा बाहेरच्या भागात, म्हणजे मागे राहिलेल्या सालीत उद्भवतो. ‘प्रोस्टेट काढलंय, आता तपासणी कशाला’ हे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. गाभा गेल्यावर रक्तातली पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या आणि कर्करोगाच्या तपासणीत मोजल्या जाणाऱ्या प्रथिनाची, पातळी उतरते; काही महिन्यांनी मिळणारा तो नवा आकडा जपून ठेवावा आणि पुढचे सगळे रिपोर्ट त्याच्याशीच ताडून पाहावेत.