ओझाकी, मासाशी (‘जंबो’ ओझाकी)

(जन्म २४ जानेवारी १९४७). जपानी व्यावसायिक गोल्फपटू. शिकोकू बेटावरील तोकुशिमा प्रांतात जन्म. मूळचे बेसबॉलपटू. १९६४ मध्ये कोशिएन मैदानावरील शालेय स्पर्धा जिंकणाऱ्या कैनान शाळेच्या संघाचे ते पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) होते. पुढे निशितेत्सु लायन्स या व्यावसायिक संघात तीन हंगाम (१९६५–६७) काढले, पण तेथे जम बसला नाही. बेसबॉलच्या दिवसांत त्यांचे नाव वेगळ्या चिन्हांनी लिहिले जाई. उच्चार मात्र तोच.

व्यावसायिक गोल्फमध्ये त्यांनी १९७० मध्ये प्रवेश केला. ‘जंबो’ हे टोपणनाव साधारण याच काळातले. धिप्पाड बांधा व लांब पल्ल्याचा ड्राइव्ह (होलच्या सुरुवातीचा लांब फटका) यांवरून ते पडले असे काही सांगतात. इतर ते त्याच सुमारास जपानमध्ये येऊ लागलेल्या जंबो जेट विमानांशी जोडतात. धाकटे बंधू तातेओ यांना ‘जेट’ म्हणत, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक पटते. सर्वांत धाकटे नाओमिची ‘जो’ या नावाने ओळखले जातात. तेही नामवंत गोल्फपटू आहेत.

ओझाकींच्या विजयांची संख्या कोठे ९४, तर कोठे ११३ अशी आढळते. हा फरक चुकीचा नसून मोजणीचा आहे. जपानचा अधिकृत दौरा (व्यावसायिक स्पर्धांची वार्षिक मालिका) १९७३ मध्ये सुरू झाला. तेव्हापासूनचे विजय ९४. त्याआधीचे विजय (१९७१ ची जपान पीजीए, म्हणजे व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेची, स्पर्धा त्यांपैकी एक) आणि १९७२ ची न्यूझीलंड पीजीए स्पर्धा धरली की आकडा ११३ होतो. शंभरावा विजय म्हणून १९९६ ची डनलॉप फीनिक्स स्पर्धा साजरी झाली, ती या दुसऱ्या हिशेबाने. तुलनेसाठी ९४ हाच आकडा घेणे योग्य ठरते. दुसऱ्या क्रमांकावरील इसाओ आओकी यांचे विजय ५१ आहेत. बक्षीस रकमेच्या यादीत ओझाकी १२ वेळा अव्वल होते.

जपानबाहेर त्यांची कामगिरी मर्यादित राहिली. अमेरिकेतील १९७३ च्या मास्टर्स स्पर्धेत ते संयुक्त आठवे, तर १९८९ च्या यूएस ओपनमध्ये संयुक्त सहावे आले. तरीही जागतिक क्रमवारीत त्यांनी पाचव्या स्थानापर्यंत मजल मारली. जपानी स्पर्धांना क्रमवारीत अवाजवी गुण मिळत, असा आक्षेप पाश्चात्त्य समीक्षकांनी घेतला. त्यात तथ्य असावे; पण नव्वदीच्या दशकात, चाळिशी उलटल्यावर, सलग काही वर्षे मायदेशात ज्या सहजतेने ते जिंकत होते त्याचा उलगडा केवळ गुणपद्धतीने होत नाही.

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात खेळ बिघडला होता. पुनरागमनाच्या काळात, १९८८ च्या जपान ओपनमध्ये अखेरच्या होलवर छोटा पट (चेंडू खळग्यात घालण्याचा हलका फटका) मारताना हात थरथरू लागल्याने ते दोनदा मागे सरले, आणि मग चेंडू आत घातला. आओकी व त्सुनेयुकी नाकाजिमा एका फटक्याने मागे राहिले. आओकी, ओझाकी व नाकाजिमा या तिघांना आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एओएन’ म्हणत.

मानेवर रुळणारे केस, ढगळ पँट व भडक रंगांचे कपडे ही त्यांची ओळख. त्यांनी गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, गिटार जमवल्या. त्यांच्याभोवती जमणाऱ्या खेळाडूंना ‘जंबो गुंदान’ (जंबोची फौज) म्हणत.

२००२ मध्ये ५५ व्या वर्षी त्यांनी एएनए ओपन जिंकली. २०११ मध्ये जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. २०१३ च्या त्सुरुया ओपनमध्ये ६६ व्या वर्षी त्यांनी ६२ फटक्यांत फेरी पूर्ण केली. आपल्या वयाहून कमी फटक्यांची फेरी जपानी दौऱ्यावर ही पहिलीच. उत्तरायुष्यात चिबा प्रांतात त्यांनी तरुण खेळाडू घडवले. एरिका हारा व माओ साइगो या त्यांच्या शिष्या होत.