व्हिस्बी कॉर्व्हेट आणि हवाई संरक्षणाचा रखडलेला प्रश्न

किनाऱ्यालगत लढण्यासाठी बांधलेल्या स्टेल्थ, म्हणजे शत्रूला सहज न सापडणाऱ्या, युद्धनौकांमध्ये स्वीडनच्या व्हिस्बी वर्गातील पाच कॉर्व्हेटचे (छोट्या युद्धनौकांचे) स्थान वेगळे आहे. 21 ऑक्टोबर 1967 रोजी इजिप्तच्या चिमुकल्या क्षेपणास्त्र नौकांनी एलात ही इस्रायली विनाशिका बुडवली, तेव्हापासून शत्रूच्या रडारवर उशिरात उशिरा दिसणे ही किनाऱ्याजवळच्या युद्धनौकेची निकड बनली. स्वीडनला या वाटेवर आणण्यात मात्र पाण्याखालच्या धोक्याचाही मोठा वाटा होता.

27 ऑक्टोबर 1981 रोजी एक सोव्हिएत पाणबुडी थेट स्वीडनच्या कार्ल्सक्रोना नौदल तळाजवळच्या खडकांवर येऊन रुतली. पुढच्या वर्षी स्टॉकहोमच्या दक्षिणेकडील बेटांमध्ये परकी पाणबुडी शिरल्याच्या संशयावरून मोठी शोधमोहीम झाली. बाल्टिक समुद्रात अशी शोधमोहीम विलक्षण अवघड असते. नद्यांचे हलके, कमी खारे पाणी वर तरंगते आणि जड खारे पाणी तळाशी राहते. या दोन थरांच्या सीमेवर ध्वनिलहरी वळतात, त्यामुळे नौकेच्या तळाशी बसवलेल्या सोनारला (ध्वनिलहरींनी पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेला) थराखाली दडलेल्या पाणबुडीचा ठाव लागेलच असे नाही. सोनार त्या थराच्या खाली सोडावे लागते. शिवाय हे काम करणारी नौका स्वतः कमी आवाज करणारी हवी आणि चुंबकीय क्षेत्राच्या चाहुलीने फुटणाऱ्या पाणसुरुंगांच्या भीतीने तिचे चुंबकीय क्षेत्रही क्षीण हवे.

पोलादी नौकेकडून या अपेक्षा पूर्ण होणे कठीण होते. सुरुंगशोधक नौका काचतंतूच्या बांधणीत तयार करण्याचा अनुभव स्वीडनच्या गोदीला होताच. 1991 मध्ये पाण्यात उतरवलेल्या स्मिगे या प्रायोगिक नौकेवर स्टेल्थ रचना पारखून घेतल्यानंतर कार्बन फायबरची सुमारे 73 मीटर लांबीची व्हिस्बी आकाराला आली आणि जून 2000 मध्ये तिचे जलावतरण झाले. तिच्या बाह्यांगावर उभी सपाट भिंत जवळजवळ सापडत नाही. प्रत्येक पृष्ठभाग तिरका असल्याने रडारच्या लहरी आल्या वाटेने परत जात नाहीत. 57 मिलिमीटरच्या तोफेची नळी वापरात नसताना बुरुजाच्या आवरणात मिटून ठेवता येते, जहाजविरोधी क्षेपणास्त्रे नौकेच्या पोटात झाकणांआड बसतात आणि पंख्यांऐवजी पाण्याचा झोत मागे फेकून नौका पुढे ढकलणारे वॉटरजेट असल्याने पाण्यातील आवाज कमी होतो. शांत समुद्रात ही नौका शत्रूच्या रडारला 22 किलोमीटरवर, तर खवळलेल्या समुद्रात 13 किलोमीटरवर आल्यावरच सापडते, असे तिच्याविषयी सांगितले जाते.

वादाचा खरा मुद्दा या नौकांवर काय बसवले नाही, हा आहे. विमाने आणि चाल करून येणारी क्षेपणास्त्रे पाडण्यासाठी क्षेपणास्त्र प्रणाली बसवण्याचा विचार मूळ आराखड्यात होता. परंतु 2008 मध्ये खर्चकपातीच्या ओघात ती खरेदी रद्द झाली आणि हवाई संरक्षणाची भिस्त मुख्यतः तोफेवर व शत्रूच्या क्षेपणास्त्रांना चकवणाऱ्या साधनांवर राहिली. शीतयुद्ध संपून बराच काळ लोटला होता, बाल्टिक शांत वाटत होते आणि संरक्षणाचा निधी आटत होता. त्या परिस्थितीत हा निर्णय समजण्याजोगा आहे, पण योग्य म्हणता येत नाही. दोनच वर्षांपूर्वी, जुलै 2006 मध्ये, रडारपासून बचावाचा विचार करूनच घडवलेल्या हानित या इस्रायली कॉर्व्हेटला बैरुतजवळ किनाऱ्यावरून सुटलेल्या क्षेपणास्त्राने गाठले होते आणि चार नौसैनिक मृत्युमुखी पडले होते. त्या नौकेवर संरक्षक क्षेपणास्त्रे होती, पण प्रणाली त्या वेळी कार्यान्वित नव्हती. किनाऱ्याजवळ शत्रूचे टेहळणी करणारे डोळे अनेक असतात आणि अंतर थोडे असते. स्टेल्थमुळे काही मौल्यवान मिनिटे हाती लागतात, मात्र एकदा नौका सापडल्यावर त्या मिनिटांत वापरायला हाताशी शस्त्र असावे लागते. ही उणीव राहूनच व्हिस्बी वर्गाने पुढची पंधरा वर्षे काढली.

अमेरिकेने याच काळात दुसरी दिशा धरली. 40 नॉटहून (ताशी सुमारे 74 किलोमीटरहून) अधिक वेग आणि कामगिरीनुसार बदलता येणारी शस्त्रसंच-पद्धत, या दोन कल्पनांवर तिची किनारी लढाऊ जहाजे उभी राहिली. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, पाणबुडीविरोधी संच शेवटी सोडून द्यावा लागला आणि 2008 मध्ये सेवेत आलेली पहिली नौका, फ्रीडम, 2021 मध्येच निवृत्त झाली. त्या तुलनेत एका विशिष्ट समुद्रासाठी बेतलेली स्वीडिश नौका अधिक विचारपूर्वक घडली, हे मान्य करावे लागते.

2014 मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला आणि 2022 मध्ये युक्रेनवर पूर्ण आक्रमण केले, तेव्हा बाल्टिकमधील हिशेब पालटला. 2023 मध्ये व्हिस्बी वर्गासाठी सी सेप्टर या ब्रिटिश बनावटीच्या हवाई संरक्षण क्षेपणास्त्रांची मागणी नोंदवण्यात आली आणि मार्च 2024 मध्ये स्वीडन नाटोचा सदस्य झाला. यापुढच्या लुलिओ वर्गाच्या नियोजित नौका व्हिस्बीपेक्षा बऱ्याच मोठ्या असून, त्यांच्या आराखड्यात हवाई संरक्षणाला सुरुवातीपासूनच जागा देण्यात आली आहे.