डिजिटल पुरावा : प्रमाणपत्राचा वाद आणि तपासणाऱ्याचा कल

उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसू लागल्याने जप्त मोबाइल आणि सीसीटीव्ही चित्रीकरणावरचे वाद आता मुंबईऐवजी इथेच ऐकले जातात. त्यातला बराचसा युक्तिवाद अशा डिजिटल पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राभोवती फिरतो आणि त्याला कारण आहे.

हे प्रमाणपत्र मागणारे पुरावा कायद्यातील कलम ६५-ब २००० साली आले. त्याचा साचा ब्रिटनच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यातला होता, जो ब्रिटनने १९९५ मध्येच रद्द केला होता. प्रमाणपत्राशिवायही भागेल, असे सर्वोच्च न्यायालय २००५ मध्ये म्हणाले. २०१४ मध्ये ते अनिवार्य ठरले, २०१८ मध्ये सैल झाले आणि जालन्याच्या निवडणूक वादात २०२० मध्ये पुन्हा अनिवार्य झाले. या पंधरा वर्षांत प्रमाणपत्र आहे की नाही याचीच चर्चा झाली. तपासणारा कोणाचा माणूस आहे, हा प्रश्न मागेच राहिला.

जुन्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने उपकरण सांभाळणाऱ्याबरोबर ‘तज्ज्ञा’चीही सही मागितली आणि हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने निघणारी तिची ओळखखूण, नोंदवायला लावले. हॅशमुळे प्रत बदललेली नाही हे कळते, पण प्रतीतून काय निवडले आणि काय सोडले हे कळत नाही. शिवाय हा तज्ज्ञ तपास यंत्रणेबाहेरचाच असावा, असे कलम म्हणत नाही. माझ्या मते खरी उणीव इथे आहे. महाराष्ट्रात पोलीस आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा दोन्ही गृह विभागाखाली येतात. लाखेचे सील लावलेल्या पाकिटासोबत जाणाऱ्या पत्रात गुन्ह्याची हकिगत आणि संशयिताचे नाव असेल, तर फोन उघडण्याआधीच तपासणाऱ्याच्या मनात एक गोष्ट तयार झालेली असते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५३ डिजिटल तपासनीसांना एकच फाइल देण्यात आली. संशयित निर्दोष असल्याचे सुचवणारी माहिती ज्यांना मिळाली होती, त्यांना कमी खुणा सापडल्या. प्रयोगशाळा पोलिसांच्या प्रशासकीय नियंत्रणाबाहेर असाव्यात, अशी शिफारस अमेरिकेत २००९ मध्येच झाली होती.

सर्व्हर परदेशात असला की हा कल आणखी आधी, मागणीपत्रातच शिरतो. सायबर गुन्ह्यांवरील २००१ च्या बुडापेस्ट करारात भारत नाही, त्यामुळे अमेरिकेशी २००५ पासून लागू असलेल्या गुन्हे तपासातील परस्पर साहाय्य कराराचा आधार घेतला जातो. तो मार्ग सरकारांसाठी आहे. आरोपीला सोडवू शकणारा संदेश त्याच सर्व्हरवर असला, तरी त्याच्या वकिलाला या कराराखाली तो स्वतः मागवता येत नाही.